आधी परतीची वाट शोधा

हाताने जोडलेली स्पोर्ट्स गाडी बंद पडली की मालक आधी इंजिनाकडे धावतो. प्लग काढतो, कार्बोरेटर उघडतो, पेट्रोलचा फिल्टर बदलतो. इंजिन मात्र बहुतेक वेळा निर्दोष असतं. ते एखाद्या कंपनीच्या चालत्या गाडीतून आलेलं असतं आणि तसल्या हजारो इंजिनांनी रस्त्यावर आपली परीक्षा आधीच दिलेली असते. गिअरबॉक्सचं तेच, मागच्या अ‍ॅक्सलचं तेच. त्या गाडीत पूर्वी कुठेच नव्हती अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तिचं वायरिंग. ते त्या एका गाडीसाठी, त्या एका माणसाने, हाताशी असलेल्या तारांमधून उभं केलेलं असतं. त्याची दुसरी प्रत नसते, छापील नकाशा नसतो आणि कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने तशी गाडी याआधी पाहिलेली नसते. किट गाडीच्या विजेच्या दोषांवर मराठीत स्वतंत्र पुस्तक हवं, असं मला वाटत आलं ते यामुळे, आणि तेच पुस्तक आता तुमच्या हाती आहे.

किट गाडी म्हणजे सुटे भाग विकत घेऊन जोडायची गाडी. या परंपरेचा सगळ्यात ठळक टप्पा म्हणजे कॉलिन चॅपमन यांची १९५७ची ‘लोटस सेव्हन’. पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा, वर पातळ पत्रा, दोन माणसांची जागा आणि अंगावर अनावश्यक असं काही नाही. त्या काळात ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या पेटाऱ्यावर तो लागत नसे. त्यामुळे पुष्कळ सेव्हन लोकांच्या घरच्या गॅरेजमध्येच उभ्या राहिल्या. जोडणीच्या सूचना पुरवल्या तर ती गाडी करपात्र ठरे. म्हणून गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना द्यायच्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचायच्या, अशी तोड काढल्याचं सांगतात. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांचा तो फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. १९९६मध्ये रॉन चॅम्पियन यांनी २५० पौंडांत स्पोर्ट्स गाडी कशी बांधावी यावर पुस्तक लिहिलं आणि एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट मोडून सेव्हनसारखी गाडी करण्याचं वेड जगभर पसरलं.

त्या घराण्याची एक शाखा आपल्या कोकण किनाऱ्यावर रुजली. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत ‘चिंकारा मोटर्स’ने या शतकाच्या सुरुवातीला सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर तयार केली. तिच्यासाठी इंजिन निवडलं ते हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसणारं, इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल. ज्या इंजिनाने सरकारी साहेबांच्या पांढऱ्या गाड्या ओढल्या, तेच फायबरच्या हलक्या देहात बसून रायगड जिल्ह्याच्या रस्त्यांवर वेगळ्याच चालीने धावलं. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या माणसाला ‘आपल्याकडे अशी गाडी होऊ शकते’ हे दाखवून देण्याचं मोठं काम त्या छोट्या कारखान्याने केलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

असे प्रयत्न आणखीही झाले. सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही फायबरच्या बॉडीची दोन आसनी गाडी रेनॉचं १.२ लिटरच्या आसपासचं इंजिन घेऊन आली. दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ २०१२च्या ऑटो एक्स्पोत लोकांसमोर आली. तिच्या आसनांमागे रेनॉचंच दोन लिटरचं टर्बो इंजिन होतं. आणि दरवर्षी न चुकता हाताने गाड्या जोडणारा सर्वांत मोठा वर्ग म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी. ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा २००७पासून होते. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ भरते. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी विजेवर चालणाऱ्या रेसिंग गाड्या इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनपर्यंत नेल्या. या मुलांना इंजिनाचं गणित उत्तम येतं. स्पर्धेच्या आदल्या रात्री त्यांना छळते ती मात्र तारेच्या टोकाची एखादी सैल थिंबल.

कायद्याची बाजू इथेच सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२नुसार नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर तिला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते. तेव्हा घरच्या घरी जोडलेली गाडी खासगी आवारात किंवा ट्रॅकवर चालवायची आहे की रस्त्यावर, हे तार कापण्यापूर्वी ठरवा. या पुस्तकात सांगितलेलं काम दुरुस्तीचं आहे. जे होतं ते पुन्हा नीट चालवणं एवढाच त्याचा आवाका आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

बॅटरीतून निघालेला प्रवाह बल्बपर्यंत जातो आणि पुन्हा बॅटरीपाशी परततो, तेव्हाच बल्ब लागतो. शाळेत हे सगळ्यांनी शिकलेलं असतं. गाडीत मात्र आपण फक्त जाणारी तार पाहतो, कारण पत्र्याच्या गाडीत परतीची तार दिसतच नाही. तिथे सगळी बॉडी हीच परतीची तार. बल्बचा होल्डर पत्र्याला स्क्रूने बसवला की अर्थिंग आपोआप झालं. फायबरच्या गाडीत ही सोय नाही. काचतंतू आणि रेझिन यांच्यातून वीज वाहत नाही. मागचे दिवे, इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा, हॉर्न, टाकीतला तरंगा यांपैकी जे जे फायबरवर बसलं आहे, त्या प्रत्येकाला परतीची स्वतंत्र तार सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. सांगाड्यावरही पावडर कोटिंगचा सुंदर थर असतो आणि तो थरदेखील वीज अडवतो. रंग खरवडून, चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून तिथे बोल्ट आवळला नाही, तर त्या गाडीला अर्थिंग नाही असंच धरून चालावं.

किट गाडीतले विचित्र वाटणारे दोष मोठ्या प्रमाणात इथूनच उगवतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. डावा इंडिकेटर चालू केला की मागचे दोन्ही लाल दिवे त्याच्या तालावर उघडझाप करतात. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर चढतो. मालक म्हणतो, गाडीत भूत शिरलंय. प्रत्यक्षात प्रवाहाने नेहमीचा रस्ता बंद पाहून दुसरा धरलेला असतो. ब्रेकच्या दिव्याची परतीची तार तुटली, तर प्रवाह त्याच होल्डरमधल्या शेजारच्या बल्बच्या तंतूतून उलटा शिरतो आणि त्या बल्बच्या मार्गाने घरी पोहोचतो. दोन तंतू एकामागोमाग जोडले गेल्याने दोन्ही मंद पेटतात. एखादा दिवा चुकीच्या वेळी मंद लागत असेल, तर स्विच बदलायच्या आधी त्या दिव्याचं अर्थिंग तपासा, हा या पुस्तकाचा पहिला धडा आहे.

याच दोषाचं सर्वांत उग्र रूप इंजिनाजवळ दिसतं. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी जाड पट्टी स्वतंत्र द्यावी लागते. ती राहून गेली किंवा गंजली, तर सेल्फ मारताना लागणारा शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह परतायला दुसरी वाट शोधतो, आणि ती सापडते क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये. केबल तापते, तिचं आवरण वितळतं, आत पोलादी तार अडकते. मेकॅनिक केबल बदलून देतो आणि काही दिवसांनी नवी केबलही जळते. सेल्फ मारताना केबल गरम लागली, तर दोष केबलचा नाही.

मापनाबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण दोष न सापडण्याचं मोठं कारण चुकीच्या वेळी घेतलेलं माप हे असतं. समजा, हेडलाइट मंद आहे. होल्डर काढून मल्टिमीटर लावला, १२.४ व्होल्ट दिसले, आणि ‘करंट येतोय’ असा निष्कर्ष निघाला. मीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्यामुळे मापताना जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. वाटेत हजार ओहमचा गंजका जोड असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवणार. तोटी बंद असताना गाळाने भरलेल्या नळातही दाब पुरा असतो. पाणी सोडलं की खरं काय ते कळतं. म्हणून माप घ्यायचं ते दिवा लावून, मोटर फिरवून, सेल्फ मारून.

मापायचं तेही बॅटरीचं व्होल्टेज नव्हे, वाटेत झालेली घट. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर ठेवा, दुसरं बल्बच्या अर्थिंगच्या टोकावर, आणि दिवा लावा. चांगल्या गाडीत ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर काही दिसू नये. तिथे २ व्होल्ट दिसले, तर दोष सापडला. ५५ वॅटच्या हेडलाइटमधून १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर वाहतात. परतीच्या वाटेवर अवघा अर्धा ओहम वाढला तरी सुमारे दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. तंतूच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने उतरतो. बाराचे दहा व्होल्ट झाले की उजेड जवळपास निम्म्यावर येतो. सेल्फच्या बाबतीत हिशोब आणखी कडक आहे. दीडशे अँपिअर वाहत असताना ओहमचा एक शतांश भाग दीड व्होल्ट खातो. नव्या बॅटऱ्या घेऊनही सेल्फ सुस्त फिरण्यामागे हेच गणित असतं.

मीटरच्या ‘बीप’वरही विसंबू नये. पुष्कळ मीटर वीस ओहम आणि त्याहून जास्त रोधालाही बीप देतात. वीस ओहमच्या जोडातून हेडलाइट कधीच पेटणार नाही, बीप मात्र खणखणीत वाजेल. तार तुटलेली नाही एवढंच बीप सांगते. तार भार पेलते का, याचं उत्तर घट मापूनच मिळतं. त्यामुळे जुन्या इलेक्ट्रिशियनच्या खिशातला साधा टेस्ट लॅम्प आजही मोलाचा आहे: तो स्वतः थोडा प्रवाह ओढतो, म्हणून खोट्या व्होल्टेजला फसत नाही. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटच्या बारीक तारांवर मात्र तो लावायचा नाही; तिथे मीटरच वापरायचा.

शोधाची पद्धत एका वाक्यात सांगता येते: मध्यावर मापा आणि निम्मी वाट बाद करा. हॉर्न वाजत नसेल तर बॅटरी, फ्यूज, रिले, हॉर्न, अर्थिंग अशी ती साखळी आहे. टोकापासून सुरुवात करू नका. बटण दाबलेलं ठेवून रिलेच्या ८७ क्रमांकाच्या टोकावर मापा. तिथे पुरं व्होल्टेज असेल तर बॅटरीपासून रिलेपर्यंतचं सगळं ठीक आहे. नसेल तर पुढची तार आणि हॉर्न यांचा विचार तूर्त सोडून द्या. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य शोधा. दहा जोडांची साखळी असली तरी तीन-चार मापांत दोषी जोड हाती येतो. दोन तक्रारी एकाच दिवशी सुरू झाल्या असतील, तर त्या दोघींना सामाईक असलेला फ्यूज, जोड किंवा अर्थिंगचा बोल्ट आधी पाहा. पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम वेडेवाकडे वागले, तर दोन्ही सेन्सर एकाच वेळी गेले असं सहसा होत नाही. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या मीटरमागे दोघांना मिळून एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन भाग एकदम बदलून गाडी चालू झाली, तर नेमका दोष कुठे होता हे कायमचं अज्ञात राहतं.

किट गाडीची आणखी एक अडचण म्हणजे तिच्यात वेगवेगळ्या देशांचे रिवाज एकत्र नांदतात. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी तार बॅटरीच्या धन टोकाकडून थेट येते आणि काळी तार अर्थिंगची असते. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थिंग, लाल म्हणजे बॅटरी, आणि काळी तार चावी फिरवल्यावर जिवंत होते. एकाच रंगाला दोन पद्धतींत नेमके उलटे अर्थ आहेत. अ‍ॅम्बॅसडरचा स्विच, जर्मन धाटणीचा रिले आणि मारुतीची वायपर मोटर एकाच डॅशबोर्डमागे आल्या, की रंग पाहून केलेला अंदाज महागात पडतो. टोकांवर छापलेले आकडे अधिक भरवशाचे: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावीनंतरचा प्रवाह, ३१ म्हणजे अर्थिंग, ८५ आणि ८६ रिलेच्या कॉइलची टोकं, ८७ म्हणजे रिलेतून बाहेर जाणारी वाट. हे आकडे पाठ करावेत. रंगांचं पाठांतर केलं नाही तरी चालेल, मीटर लावून खात्री करणं मात्र टाळू नये.

जुन्या रचनेत नवे भाग घालतानाही असेच घोटाळे होतात. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा अनेक अल्टरनेटरांत फक्त इशारा देत नाही. त्याच्या बल्बमधून जाणारा थोडासा प्रवाह अल्टरनेटरला सुरुवातीची चालना देतो. तिथे नाजूक एलईडी बसवला की तो प्रवाह अपुरा पडतो आणि अल्टरनेटर जागाच होत नाही. नवा अल्टरनेटर घेऊनही बॅटरी उतरतच राहते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसले नाहीत तर आधी तो छोटा दिवा पाहा. इंडिकेटरचंही तसंच आहे. २१ वॅटच्या बल्बांच्या जागी एलईडी आले की इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाईघाईने मिचकावू लागतो, तर जुना तापणारा फ्लॅशर पुरेसा तापतच नाही आणि दिवा मिचकायचा थांबतो. दोन्ही वेळा तारांत दोष नसतो, भार बदललेला असतो.

फ्यूजबद्दल मी कठोर आहे. फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठी असतो. तार किती प्रवाह पेलते हे पाहून फ्यूज ठरवायचा, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ असेल तितका चांगला, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणाचंच संरक्षण नसतं. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालणं, त्याला तार गुंडाळणं, सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणं हे प्रकार पत्र्याच्या गाडीतही वाईटच. फायबरच्या गाडीत ते जिवाशी खेळणं आहे. पॉलिएस्टर रेझिन पेट घेतं, त्याचा धूर दाट आणि विषारी असतो, आणि या छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी माणसापासून फार लांब नसते. सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो, म्हणून ती धारदार कडेवरून नेऊ नये, प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट घालावा. बॅटरी तोडणारा मुख्य स्विच चालकाच्या हाताला येईल असा बसवावा. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत असे स्विच सक्तीचे असतात. घरच्या गाडीतही ती सक्ती आपणच आपल्यावर करून घ्यावी.

आता हवामान. अलिबागची खारी हवा आणि जयपूरचा कोरडा उन्हाळा यांत तारेचं दुखणं पूर्णपणे बदलतं. किनाऱ्यावर मीठ आणि ओल तांब्याच्या धाग्यांमधून आवरणाच्या आत चढत जातात. बाहेरून तार धडधाकट दिसते, सोलली तर आत हिरवी भुकटी निघते. तिथे बोटींसाठी मिळणारी कलई केलेली तार वापरावी, थिंबलवर गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवावी, आणि पावसाळा संपला की अर्थिंगचा प्रत्येक बोल्ट उघडून घासावा. इथे जयपुरात गंज सावकाश येतो, पण मे-जूनमध्ये पारा ४५च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. पीव्हीसीचं आवरण कडक होतं, वाकवलं की तडकतं. तांब्याचा रोध दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवर जेमतेम पुरणारी तार ७० अंशांवर पाचव्या हिश्शाने कमजोर होते. बॅटरीचं पाणी लवकर आटतं. आंधीची बारीक वाळू उघड्या कपलरमध्ये बसते आणि जास्तीचं ग्रीस लावलं असेल तर तिथेच चिकटून राहते. मी जिथे हे लिहितो आहे त्या जवाहर नगरहून ट्रान्सपोर्ट नगर जवळ आहे. तिथे ट्रकांचं वायरिंग करणारे कारागीर तारा सैल वळण देऊन बांधतात, इंजिनाच्या धगीपासून हातभर दूर नेतात. ही शहाणीव उष्ण प्रदेशातल्या प्रत्येक गाडीला लागू आहे.

उभ्या गाडीची बॅटरी उतरणं ही किट गाडीची नेहमीची तक्रार, कारण ती आठवड्यातून एखाद्या दिवशीच बाहेर निघते. साध्या, संगणक नसलेल्या गाडीत चावी बंद असताना काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाण्याचं कारण नाही. अर्धा अँपिअर गळत असेल, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फ फिरेनासा होतो तो त्याच्या निम्म्या वेळात. बॅटरीच्या ऋण केबलमध्ये अ‍ॅमीटर जोडा आणि एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो, ती शाखा दोषी. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरची तार सोडवून पाहा, त्याच्या आतला डायोड गळत असू शकतो. अ‍ॅमीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नये.

कधी दिसणारा, कधी गायब होणारा दोष सर्वांत चिवट. त्याच्यासाठी वही ठेवा. वेळ, ऊन की पाऊस, इंजिन थंड की गरम, खड्डा की वळण, कोणते दिवे चालू होते, एवढं लिहा. अशा काही नोंदी जमल्या की दोष आपली सवय सांगू लागतो. डाव्या वळणावरच इंजिन चुकत असेल तर तार कुठेतरी ताणली जाते आहे. वीस मिनिटांनी, गरम झाल्यावर बंद पडत असेल तर इग्निशन कॉइल किंवा मॉड्यूलकडे बघा. मग दिवा किंवा मीटर जोडलेला ठेवून वायरिंग थोडं थोडं हलवत पुढे सरका.

पुढची प्रकरणं अशी मांडली आहेत. पहिल्या भागात हत्यारं आणि जोड: तार किती जाडीची, थिंबल कोणती, क्रिम्पिंग नीट झालं हे कसं ओळखायचं, आणि हादरे बसणाऱ्या जागी नुसतं सोल्डरिंग का टाळायचं. सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते. दुसऱ्या भागात अर्थिंग. तिसऱ्यात दिवे, चौथ्यात सेल्फ आणि चार्जिंग, पाचव्यात इग्निशन आणि पेट्रोल पंप. शेवटच्या भागात प्रत्येक तक्रारीसाठी मापांचा क्रम दिला आहे. घाईत असलेल्या वाचकाने थेट शेवटचा भाग उघडला तरी हरकत नाही. अर्थिंगचा भाग मात्र सगळ्यांनी वाचावा.

हे ज्ञान पुस्तकांपेक्षा माणसांकडे अधिक आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत, जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात एका टेस्ट लॅम्पच्या आधारे दोष पकडणारे कारागीर आजही भेटतात. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, आणि तिच्याबरोबर तिचं वायरिंग डोळे मिटून लावणाऱ्या हातांचं कामही आटलं. त्या हातांनी जे शिकवलं ते लिहून ठेवणं ही आपली जबाबदारी आहे.

म्हणून वाचकांकडे एक आग्रहाची मागणी आहे. आपल्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा काढा. प्रत्येक तारेचा रंग, जाडी, फ्यूज आणि ती कोणत्या बोल्टवर परतते हे लिहा. काही बदललं की त्याच दिवशी तारीख घालून नोंद करा. तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी लावा. नकाशाची एक प्रत घरी ठेवा, दुसरी गाडीत. गाडी विकली, तर चावीसोबत नकाशाही द्या. जिचं वायरिंग फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे, ती गाडी त्याच्या पश्चात कोणालाच दुरुस्त करता येत नाही. नकाशा असेल, तर अलिबागेत जोडलेली गाडी जयपूरचा कारागीरही एका दुपारी चालू करून देईल.

जवाहर नगर, जयपूर